तुझ्या नावाएवढी जागा

पुरू, तुझ्या दहाव्याला माझ्या हातात माईक दिला होता आणि मी तो तसाच शेजारच्या माणसाकडे सरकवला. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. प्रवचन संपलं की एकेक पुढारी उठतो आणि गेलेल्या माणसाला श्रद्धांजली वाहता वाहता स्वतःबद्दलही चार शब्द सांगून घेतो. तुझ्या वेळीही तेच झालं. कुणी तुला पाण्याचा माणूस म्हणालं, कुणी सहकाराचा पाईक. एकाने तर पुरुषोत्तमचं प्रल्हाद करून टाकलं आणि शेवटपर्यंत प्रल्हादलाच श्रद्धांजली वाहिली. तू शेजारी असतास तर माझ्या बरगडीत कोपर मारलं असतंस. मग सूत्रसंचालक म्हणाला, आता त्यांचे जुने मित्र शेख सर दोन शब्द बोलतील. मी काय बोलणार होतो? भर मंडपात लोकांना प्रिंटएफ समजावून सांगणार होतो?

आपली दोस्ती त्या एका शब्दापासून सुरू झाली, आणि तो शब्द ज्याच्यापाशी नुसता उच्चारला तरी तो हसेल असा माणूस आता या पंचक्रोशीत उरलेला नाही. त्या दिवशी मंडपात गर्दी होती, पण मला बोलायला कुणी नव्हतं. म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

नगरच्या पॉलिटेक्निकमधली ती प्रयोगशाळा आठवते? (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तू शेवटपर्यंत नगरच म्हणालास, त्यामुळे तुझ्याशी बोलताना मीही तेच म्हणणार.) हिरवी अक्षरं उमटणारे ते जाडजूड पडदे, आणि चपला बाहेर काढून आत जायचं. बाकीच्या पोरांचं उत्तर बरोबर आलं की ती चहाला पळायची. तू मात्र उत्तर आल्यावर खुर्ची पुढे ओढायचास. आकडे एकाखाली एक उभे राहिले पाहिजेत, नावं डावीकडे सरळ रेषेत आली पाहिजेत, हा तुझा हट्ट. आम्ही टॅब मारून मोकळे व्हायचो. एखादं नाव जरा लांब आलं की आमचा रकाना वाकडा. तू सरांकडून प्रिंटएफ, म्हणजे सी भाषेतला छापायचा हुकूम, बरोबर शिकून घेतलंस: टक्क्याचं चिन्ह, मग आकडा, मग एक अक्षर. म्हणजे या शब्दासाठी इतकी जागा राखून ठेव, शब्द छोटा असला तर उरलेली रिकामी सोड. आकड्याआधी वजाचं चिन्ह टाकलं की शब्द डावीकडे टेकतो. मला ते समजावताना तू भिंतीला पाठ लावून उभा राहिला होतास, वजा म्हणजे असा, म्हणून.

आणि ते शिकल्याचा पहिला उपयोग काय केलास, तर मेसचा आठवड्याचा तक्ता छापलास. डावीकडे वार, उजवीकडे भाजी, सगळं ओळीत. मेसच्या आचाऱ्याने तो भिंतीवर लावून घेतला, लांबून पाहिला आणि विचारलं, “वांगी सरळ रेषेत लिवल्यानं ग्वाड लागनार हायेत का?” तू अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलंस की नाही, पण पुन्हा वांगीच आहेत हे दारातूनच कळेल. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाची पाठ सोडायची नाही.

मधली वर्षं मी गाळतो. ती मंडपात सांगून झाली आहेत. मी श्रीगोंद्याच्या कॉलेजात तीच सी भाषा शिकवत म्हातारा झालो, तू गावी जाऊन ऊस आणि लिंबोणी केलीस. सणासुदीला भेट व्हायची, ईदला तू शिरखुर्मा खाऊन जायचास. मग तुझी शबानाभाभी गेली, मी निवृत्त झालो, मुलं पुण्यात रमली. घरात बोलायला फक्त टीव्ही होता. त्यावेळी तू पाणी वापर संस्थेचा सचिव होतास. एक दिवस मोटारसायकल दारात लावून आत आलास आणि चहाही न घेता म्हणालास, “रफ्या, पाळीचं पत्रक छापायचंय. रकाने नीट बसत न्हाईत.”

कुकडीच्या कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की आपल्या चारीवरच्या, म्हणजे कालव्याच्या आपल्या फाट्यावरच्या, प्रत्येकाला पाण्याची पाळी ठरवून दिलेली असते, या वाराला, या वेळेपासून त्या वेळेपर्यंत. त्याचंच पत्रक. पाळी चुकली की पुढच्या आवर्तनापर्यंत बांधावर बसून आभाळाकडे बघायचं. मी म्हटलं, एक्सेलमध्ये होईल की हे. तू म्हणालास, तिथे रेघा ओढाव्या लागतात, आपल्या प्रिंटएफमध्ये नुसती जागा सोडली की झालं. मला ते पटलं नाही, पण मी उठलो, शर्ट बदलला आणि तुझ्या मागे बसलो. ते पत्रक तुला एकट्याला सहज जमलं असतं, पुरू. मला तेव्हाही कळत होतं. तू घरी येऊन माझी विचारपूस केली असतीस तर मी बरं चाललंय म्हणून तुला वाटेला लावलं असतं. तू काम घेऊन आलास. हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू विषय बदलला असतास.

संस्थेच्या त्या पत्र्याच्या खोलीत आपण किती दुपारी काढल्या. पंखा टकटक करत फिरायचा, बाहेरून उसाची ट्रॉली गेली की टेबल हलायचं आणि तू तुझी लाकडी फूटपट्टी कागदावर उभी धरून रकाने तपासायचास. सुरुवातीला नावं इंग्रजीत होती. सगळं झकास बसायचं. मग चारीवरचा कोंडीबा आला. तो पत्रक हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, “पुरू, ह्यात मी कुठं हाय ते दाव.” तू त्याचं बोट धरून त्याच्या ओळीवर टेकवलंस. तो गेल्यावर तू माझ्याकडे न बघता म्हणालास की आता मराठीत.

आपण मराठीत केलं. आणि आपल्या दोघांसारखे शहाणे आपणच. चाचणीला नावं कोणती घेतली, तर राम, शाम, बाळ. वर मथळा ‘नाव’. काय सुरेख ओळीत आलं सगळं! तू फूटपट्टी लावलीस, मी लावली, दोघं खूष होऊन समोरच्या टपरीवर भजी खाऊन आलो. मग खरी नावं घातली, घाईघाईत छापलं आणि वाटून टाकलं.

पत्रकावर कोंडीबाची वेळ मथळ्यांपासून डावीकडे सरकली होती. शेवटची वेळ ‘सुरुवात’ या मथळ्याखाली येऊन उभी राहिली होती. तो बिचारा त्या वेळेला फावडं घेऊन हजर झाला, तेव्हा त्याची पाळी संपून पाणी पुढच्याच्या रानात गेलं होतं. संस्थेत येऊन तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, “कागदात हुतं तवाच आलो की मी.” त्याचा कांदा कोरडा राहणार होता. तू तिथल्या तिथे तुझ्या पाळीतलं अर्धं पाणी त्याला देऊन टाकलंस, ऊस थांबेल म्हणालास. आणि मग माझ्याकडे वळून विचारलंस, “राम, शाम, बाळ. ह्यातलं एक तरी मानूस आपल्या चारीवर हाय का, रफ्या?”

त्यानंतरचे दिवस माझ्या निवृत्तीतले सगळ्यात चांगले दिवस होते. भानगड सापडली ती अशी, की प्रिंटएफ कागदावरची जागा मोजतच नाही, तो बाइट मोजतो, म्हणजे अक्षर साठवायला संगणकाच्या आत लागणारी घरं. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. आपल्या अक्षराला तीन लागतात आणि त्याच्या प्रत्येक काना-मात्रेला आणखी तीन. ‘कोंडीबा गंगाराम मोरे’ हे नाव त्याच्या हिशेबी एवढं लांबलचक झालं की पुढे जागा सोडायची त्याला गरजच वाटेना. राम, शाम, बाळ आणि वरचं ‘नाव’ हे चारही एकाच मापाचे निघाले, म्हणून आपल्याला काही दिसलं नाही. मग आपण मोजणी स्वतःच लिहायला घेतली. आपण घेतलेल्या फॉन्टमध्ये काना आणि वेलांटी जागा घ्यायची. उकार, मात्रा, अनुस्वार खाली-वर लटकायचे, त्यांना जागा लागत नसे. जोडाक्षरांनी तर रडवलं. राम-शामला सुट्टी देऊन चाचणीला तुझंच नाव घेतलं, कारण त्यात सगळ्या खोड्या एकत्र होत्या: उकार, ओकार, जोडाक्षर. पुरुषोत्तम दामोदरराव साळुंके. हे नाव ज्या दिवशी सरळ बसलं त्या दिवशी चारीवरचं कुठलंही नाव बसलं.

चारीवरचं सगळ्यात लांब नावही तुझंच होतं. आणि सगळ्यात छोटं माझं, चारीवर माझाही लिंबोणीचा एक तुकडा आहे, त्यापायी पत्रकात घातलेलं. तुझी ओळ गच्च भरलेली आणि माझ्या नावापुढे मोकळं रान. दर वेळी पत्रक छापलं की तू बोट ठेवायचास आणि तेच म्हणायचास, “रफ्या, तुझ्या नावाफुडं अजून दोघं बसत्याल.” दर वेळी तूच हसायचास. तो विनोद मला कधीच फार आवडला नव्हता.

आता आपला वाद. तो अजून मिटलेला नाही आणि तू अर्ध्यात उठून गेलास, हे मला मान्य नाही. मी म्हणत होतो, प्रोग्रॅमनेच आधी सगळी नावं मोजावीत, त्यातलं सगळ्यात लांब शोधावं आणि रकाना तेवढा रुंद ठेवावा. नावं येतील, जातील, कागद आपोआप जुळवून घेईल. कॉलेजात मी वर्षानुवर्षं हेच शिकवलं. तू म्हणत होतास, रुंदी एकदाच ठरवायची आणि तिला हात लावायचा नाही. मी तुला आडमुठा म्हणालो. तेव्हा तू मला खिडकीपाशी नेलंस. बाहेर लोक पत्रकं घेऊन निघाले होते. जो तो कागद उभा मधोमध दुमडत होता, मग पुन्हा एकदा दुमडून कुणी खिशात, कुणी टोपीत ठेवत होता. तू सांगितलंस की त्या गोंधळानंतर हे लोक मथळे वाचत नाहीत. घडीच्या डाव्या अंगाला नाव, उजव्या अंगाला वेळ. बांधावर कागद काढायचा, घडीच्या उजवीकडे बघायचं. नावांचा रकाना आज बरोबर घडीपाशी संपतो, तो सरकला तर माणूस चुकेल.

मी म्हटलं, माझ्या पद्धतीनेही तो तिथेच संपतो. आणि ते खरंच होतं. तुझं नाव सगळ्यात लांब असल्यामुळे मोजून काढलेली रुंदी आणि तू ठरवलेली रुंदी एकच यायची. त्यामुळे वाद कधी मिटायचाच नाही. कळफलक माझ्या हातात, म्हणून प्रोग्रॅम माझ्या पद्धतीने चालायचा, आणि पत्रक तुझ्या मनासारखं निघायचं. एकदा तू कागद चाळता चाळता सहज म्हणालास, “आन् माझंच नाव गेलं मंग? सगळा कागद सरकंल की तुझा.”

“तुझं नाव कुठं जातंय?” मी म्हणालो. आणि आपण चहा मागवला.

परवा संस्थेच्या चेअरमनांचा फोन आला. आवर्तन सुटायचं ठरलंय. ते फार जपून बोलत होते, तरी म्हणाले, “सर, तेवढं पुरूभाऊचं नाव बदलून घ्या. वैनीचं घाला. पानी काय थांबायचं न्हाई.” बरोबरच आहे. पाणी कशासाठी थांबेल? त्यांनी पुढे असंही सुचवलं की तुम्हाला त्रास होत असेल तर बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून एक्सेलमध्ये करून घेऊ. मी म्हटलं, नको, मी येतो.

आधी तुझ्या घरी गेलो. तुझी खुर्ची ओट्यावर तशीच होती, मी पायरीवर बसलो. लतावहिनींना म्हटलं की पत्रकात नाव तुमचं घालतोय, कसं लिहू? त्या पदराने कप पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, माझं नाव लिवलं की मधी त्यांचं येईलच ना?” येईल म्हटलं, वहिनी. लता पुरुषोत्तम साळुंके. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. मी पायरीवरच बसून राहिलो, कारण घरी तरी माझी वाट कोण बघत होतं.

संस्थेची खोली उघडली. पंखा लावला. तुझी फूटपट्टी टेबलावर होती, तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघितलं. तुझी ओळ काढायला बसलो. अख्खा जन्म पोरांना सांगत आलो की जुना डेटा काढून टाका, प्रोग्रॅम स्वच्छ ठेवा, आणि एक ओळ पुसताना मी शेंबड्या पोरासारखा रडलो. कुणी नव्हतं, म्हणून चाललं. मग वहिनींचं नाव घातलं, छापलं.

कागद हातात आला आणि तू म्हणाला होतास तेच झालं होतं. सगळ्यात लांब नाव आता दुसऱ्याच कुणाचं होतं, तुझ्याहून बरंच आखूड. प्रोग्रॅमने इमानेइतबारे ते मोजलं आणि रकाना आवळून घेतला. सगळे वार, सगळ्या वेळा डावीकडे सरकल्या. एकही रेघ वाकडी नव्हती. मी शिकवलं तसंच, अगदी निर्दोष. मी कागद मधोमध दुमडला. घडी बरोबर सुरुवातीच्या वेळेवरून गेली, आणि उजव्या अंगाला नुसती शेवटची वेळ उरली. कोंडीबा पुन्हा फावडं घेऊन उशिराच आला असता.

पण खरं सांगू? त्याक्षणी मला कोंडीबा आठवला नाही. मला एवढंच दिसलं की तू गेलास आणि सगळे जण जरा जरा सरकून बसले. इतक्या सहज, इतक्या ओळीत. मला त्या कागदाचा असा राग आला की मी तो फाडून टाकला.

मग खोलीतल्या तुझ्या खुर्चीवर बसलो, हो, तुझ्याच. प्रोग्रॅम उघडला. नावं मोजताना सगळ्यात लांब नाव शोधायचं, तर सुरुवात शून्यापासून करतात, तशीच ती केलेली होती. तिथलं शून्य मी काढलं. त्या जागी आपली मोजणी बोलावली आणि तिला तुझं नाव दिलं. म्हणजे बघ, प्रोग्रॅम सुरू झाला की तो सगळ्यात आधी पुरुषोत्तम दामोदरराव साळुंके हे नाव मोजतो, मग चारीवरच्या बाकीच्यांकडे वळतो. तुझं नाव कागदावर छापलं जात नाही. पण रकाना त्याच्याएवढाच राहतो. उद्या तुझ्याहून लांब नावाचा कुणी आला तर रुंदी वाढेल, माझं तेवढं चालू दे. पण तुझ्या नावापेक्षा कमी ती होणार नाही. वाद तू जिंकलास असं मी म्हणत नाही. तू समोर असतास तर मुळीच म्हणालो नसतो.

दुसऱ्यांदा छापलं, दुमडलं. घडीच्या डावीकडे नावं, उजवीकडे वेळा. तुझी फूटपट्टी उभी लावून पाहिली. सरळ होतं.

काल पत्रकं वाटली. कोंडीबा आला. त्याने खिशातून चष्मा काढला नाही की कुणाला काही विचारलं नाही. कागद मधोमध दुमडला, घडीच्या उजव्या अंगाला बोट लावून खाली आणलं, आपल्या ओळीवर थांबला. “बराबर हाय,” म्हणाला आणि कागद टोपीत ठेवला. जाता जाता दारात थांबून तुझ्या खुर्चीकडे बघून म्हणाला, “आज पुरू असता तर च्या मागवला असता.” मी चहा मागवला. तो पिऊन गेला, मग मी खोलीत एकटाच.

माझ्या पुढ्यात एक पत्रक उरलं होतं. वहिनींची ओळ पाहिली, मध्ये तुझं नाव आहे. मग माझी ओळ पाहिली. रफिक शेख, आणि पुढे ते मोकळं रान. तुझ्यामुळे ते आहे तेवढंच राहिलं आहे, जरासुद्धा आखडलेलं नाही. तू तिथे बोट ठेवून म्हणायचास की अजून दोघं बसतील. दोघं नकोत, पुरू. तू एकटा येऊन बसलास तरी पुरे.